नोंदवहीतला फायरफॉक्स ४८

आमच्या तालुक्यापुरतं एक साधं संकेतस्थळ मी चालवतो. बाजार समितीतले आजचे भाव, एसटीच्या वेळा, पाणीपुरवठ्याच्या सूचना, एवढंच त्यावर असतं. रात्री सर्व्हरची नोंदवही उघडून कोणकोणत्या फोनवरून लोक येऊन गेले ते मी बघतो. जवळजवळ सगळ्या ओळी अँड्रॉइडच्या असतात. मधेच एखादी वेगळी येते: गेको ४८.०, फायरफॉक्स ४८.०, कायओएस २.५.

ती ओळ बटणांच्या जिओफोनची. कायओएस ही त्या फोनची प्रणाली, म्हणजे फोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, आणि तिच्या पोटात फायरफॉक्स हा ब्राउझर. फायरफॉक्सची ४८वी आवृत्ती ऑगस्ट २०१६ मध्ये आली आणि पुढच्याच महिन्यात ४९वी आल्यावर संगणकावर मागे पडली. या फोनमध्ये मात्र ती तशीच राहिली. फोन वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, कारण पडद्यावर फायरफॉक्सचं नाव कुठेच येत नाही.

अँड्रॉइड आणि आयओएसला ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असा, पर्याय का उभा राहत नाही, ही चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा ‘लोकांना त्याचं काही पडलेलं नाही’ या वाक्याशी संपते. मला ते पटत नाही. असा एक पर्याय उभा राहिला होता आणि आपल्याच देशात तो दहा कोटींहून अधिक हातांत गेला. फक्त तिथे पोचेपर्यंत त्याचा उघडेपणा वाटेत गळून पडला होता. तो कुठे आणि कसा गळाला, ते मला इथे नीट मांडायचं आहे.

ब्राउझरचाच फोन

२५ जुलै २०११ रोजी फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिला या संस्थेच्या आंद्रेआस गाल यांनी ‘बूट टू गेको’ हा प्रकल्प जाहीर केला. गेको म्हणजे फायरफॉक्सचं इंजिन. फोन चालू केला की थेट हे इंजिन चालू व्हावं आणि फोनवरचं सगळं, अगदी नंबर फिरवायचा पडदासुद्धा, वेबपानासारखा एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला असावा, अशी कल्पना होती. वर्षभरानं तिचं नाव फायरफॉक्स ओएस झालं.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. संगणकावर कुणीही फायरफॉक्स उतरवून घेऊ शकत होतं, विंडोज कुणाचं का असेना. फोनवर तसं राहिलं नव्हतं. आयफोनवर ॲपल दुसऱ्या कुणाचं ब्राउझर इंजिन चालूच देत नव्हतं. अँड्रॉइडवर गूगलचा ब्राउझर आधीपासून बसवलेला असे. ज्याची प्रणाली, त्याचंच दुकान आणि त्याचाच ब्राउझर. वेबसाठी झटणाऱ्या संस्थेला फोनवर जागा हवी असेल तर प्रणालीच स्वतःची करावी लागेल, असा तो निष्कर्ष होता. आज मागे वळून बघतानाही मला तो बरोबर वाटतो.

प्रणालीचे तीन थर होते. सगळ्यात खाली गॉन्क, त्यावर गेको, आणि वर माणसाला दिसणारा गाया. गॉन्कमध्ये लिनक्स कर्नल, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा प्रणालीचा गाभा, होता आणि त्याच्या भोवती अँड्रॉइडचेच खालचे भाग होते. हे नाइलाजानं करावं लागलं. चिप बनवणाऱ्या कंपन्या कॅमेरा, नेटवर्कशी जोडणारा मोडेम आणि ग्राफिक्स यांचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारा कोड, अँड्रॉइडसाठीच लिहीत. त्यांतल्या बऱ्याच ड्रायव्हरांचा कोड मिळत नसे, फक्त तयार फाइल हातात येई. त्यामुळे फायरफॉक्स ओएसचा पाया पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या जमिनीवर होता. (उबुंटू टचसारख्या आजच्या पर्यायांनाही बहुतेक फोनवर हीच तडजोड करावी लागते. पोस्टमार्केटओएसवाले मूळ लिनक्स कर्नलच चालवायच्या मागे आहेत, आणि म्हणूनच त्यांचं काम इतकं सावकाश चालतं.)

दुसरी एक गोष्ट तेव्हा फार कुणाच्या डोळ्यांत भरली नाही, पण पुढे तीच निर्णायक ठरली. फायरफॉक्स ओएसमध्ये ॲपच्या तीन पायऱ्या होत्या. साधं वेबॲप कुणीही बनवावं. त्याच्या वरची पायरी बाजारानं तपासून सही केलेल्या ॲपची. सगळ्यात वरच्या ॲपनाच फोन लावणं, मेसेज पाठवणं अशी आतली कामं करता येत, आणि ती ॲप फोन कारखान्यातून निघतानाच बसवलेली असत. वरच्या पायरीवर कुणाला घ्यायचं हे फोन बनवणारा किंवा सिमकार्डवाली कंपनी ठरवणार. सुरक्षिततेसाठी ही रचना समजण्यासारखी होती. वाटेल त्या पानाला मेसेज पाठवायची मुभा कोण देईल? पण कुलपाची जागा तयार झाली होती आणि किल्ली फोन विकत घेणाऱ्याकडे नव्हती.

फेब्रुवारी २०१३ मध्ये बार्सिलोनाच्या मोबाइल मेळाव्यात मोझिलाच्या मागे १८ दूरसंचार कंपन्या उभ्या राहिल्या. टेलिफोनिका, डॉइच टेलिकॉम, अमेरिका मोविल अशी मोठी नावं त्यांत होती. गूगल आणि ॲपल या दोघांच्याच हाती सगळा फोन जाऊ नये ही त्यांची गरज, आणि फोन लोकांपर्यंत नेणारं कुणीतरी हवं ही मोझिलाची. जुलै २०१३ मध्ये स्पेनमध्ये टेलिफोनिकानं झेडटीई ओपन हा पहिला फोन ६९ युरोंना विकायला काढला.

या व्यवस्थेत मोझिला कोड लिहिणार, फोन कंपनी तो आपल्या यंत्रावर जुळवणार, दूरसंचार कंपनी तपासणार, आणि मग सुधारणा ग्राहकाच्या फोनवर येणार. संगणकावर फायरफॉक्स दर सहा आठवड्यांनी नवा होई. इथे मधल्या दोघांना एकदा विकलेल्या स्वस्त फोनवर पुन्हा खर्च करायचा उत्साह नव्हता, आणि सुरुवातीच्या कितीतरी फोनांना पुढच्या आवृत्त्या मिळाल्याच नाहीत.

१,९९९ रुपये

भारतात हा प्रयोग आला तो सगळ्यात अवघड रूपात. २०१४ च्या फेब्रुवारीत मोझिलानं स्प्रेडट्रम या चिनी चिपकंपनीबरोबर २५ डॉलरच्या स्मार्टफोनचा आराखडा दाखवला. २५ ऑगस्टला इंटेक्सचा क्लाउड एफएक्स बाजारात आला. किंमत १,९९९ रुपये, विक्री स्नॅपडीलवरून. साडेतीन इंचांचा पडदा, १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, २ मेगापिक्सेलचा कॅमेरा, दोन सिम, नेटवर्क फक्त २जी. पाठोपाठ स्पाइसचा फायर वन २,२९९ रुपयांना आला.

या फोनमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा किमतीचा नव्हता. रॅम १२८ एमबी होती, आणि खरं दुखणं तिथे होतं.

यातला थोडा भाग कर्नल आणि मोडेम घेणार, थोडा पडदा रंगवण्यात जाणार. उरलेल्यात गेकोसारखं मोठं इंजिन बसवायचं आणि त्यावर ॲप चालवायचं. फायरफॉक्स ओएसमध्ये प्रत्येक ॲप स्वतंत्र प्रोसेसमध्ये चाले. त्यामुळे एक ॲप कोसळलं तरी बाकीचा फोन शाबूत राही, पण प्रत्येक प्रोसेसला आपली मेमरी लागे. मेमरी संपत आली की कर्नल मागचं ॲप बंद करून जागा मोकळी करतो. १२८ एमबीमध्ये ही वेळ सतत येणार. मोझिलाच्या अभियंत्यांनी या फोनांसाठी १.३टी नावाची वेगळी शाखा काढली आणि एकेक मेगाबाइट वाचवण्यासाठी झगडले. त्या कामाबद्दल मला आजही आदर वाटतो. तरी त्या वेळच्या परीक्षणांत टायपिंग अडखळतं, पडदे उशिरा उघडतात, ॲप मधेच बंद होतात, अशीच वाक्यं वाचायला मिळत.

वेबवर आधारलेली प्रणाली गरिबांच्या फोनसाठी स्वस्त पडेल, हे गृहीतकच मला इथे चुकलेलं दिसतं. वेबतंत्र लवचीक असतं, कुणालाही शिकता येतं, पण ते हलकं नसतं. मधे एक अख्खं इंजिन बसलेलं असतं. हलकेपणाचं ओझं ज्याच्यावर टाकायला नको होतं, त्याच्यावरच ते टाकलं गेलं.

दुसरी अडचण तर दुकानातल्या कुठल्याही मुलानं सांगितली असती. क्लाउड एफएक्सवर व्हॉट्सॲप नव्हतं. तेव्हा बटणांच्या नोकियावर व्हॉट्सॲप चालत होतं, आणि स्मार्टफोन म्हणून विकल्या जाणाऱ्या या फोनवर ते मिळत नव्हतं. बाहेरच्या लोकांनी केलेली अनधिकृत ॲप होती, पण त्यांचा भरवसा काय? लेकीचा फोटो नागपूरहून येणार असेल, गावातल्या भिशीचा निरोप ग्रुपवर येत असेल, तर ‘हा फोन उघड्या मानकांवर चालतो’ हे सांगून कुणाचं समाधान होणार होतं? मोझिलाची भूमिका होती की मानकं उघडी ठेवा, ॲप आपोआप येतील. व्हॉट्सॲपनं तेव्हा या प्रणालीसाठी ॲप काढलंच नाही. आणि व्हॉट्सॲपचा निरोप दुसऱ्या कुठल्या ॲपमध्ये उघडायची सोय नसल्यामुळे एका कंपनीच्या त्या एका निर्णयानं अख्खा फोन अपंग झाला.

बरोबर २१ दिवसांनी, १५ सप्टेंबर २०१४ ला, गूगलनं भारतात अँड्रॉइड वन आणला. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे फोन साडेसहा हजारांच्या आत होते. म्हणजे स्पाइस दोन्हीकडे होती. अँड्रॉइडची ४.४ ही आवृत्ती गूगलनं ५१२ एमबी रॅमच्या फोनांवर चालेल अशी करून घेतली होती, आणि त्याहून स्वस्त अँड्रॉइड फोन देशी कंपन्या आधीपासूनच काढत होत्या. पैसे थोडे जास्त मोजले की व्हॉट्सॲप असलेला फोन मिळत होता.

२०१५ मध्ये मोझिलानं २५ डॉलरचा रस्ता सोडला. त्या वर्षीच्या डिसेंबरात दूरसंचार कंपन्यांमार्फत फोन विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये बूट टू गेकोचं उरलेलं कामही बंद केलं.

कोड उचलला, किल्ली बदलली

मुक्त कोडचा एक गुण असा की लिहिणाऱ्यानं हात काढला तरी कोड मरत नाही. कायओएस टेक्नॉलॉजीज या कंपनीनं तो उचलला. तिनं दोन गोष्टी ओळखल्या ज्या मोझिलाला वेळेत दिसल्या नाहीत. टच पडद्याच्या स्मार्टफोनशी झुंजायचंच नाही, बटणांच्या फोनमध्ये शिरायचं. आणि किंमत कितीही खाली आणली तरी फक्त २जी नेटवर्कवर थांबायचं नाही.

याच वेळी मुंबईत रिलायन्सला नेमका असा फोन हवा होता. जिओचं नेटवर्क फक्त ४जीचं. बोलणंही त्याच्यावरूनच, म्हणून जुना बटणांचा फोन त्यावर चालू शकत नव्हता. २१ जुलै २०१७ च्या वार्षिक सभेत मुकेश अंबानींनी सांगितलं की देशातल्या ७८ कोटी फोनांपैकी सुमारे ५० कोटी फीचर फोन आहेत. त्या सगळ्यांना जिओवर आणायचं तर ४जीवर बोलता येईल असा बटणांचा फोन त्यांच्या हातात द्यावा लागणार होता. जिओफोन असा जन्मला: १,५०० रुपयांची अनामत, तीन वर्षांनी परत. ५१२ एमबी रॅम, म्हणजे क्लाउड एफएक्सच्या चौपट. २,००० एमएएचची बॅटरी. मराठीसह २२ भारतीय भाषा.

सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आलं. त्याआधी जूनमध्ये गूगलनं कायओएसमध्ये २ कोटी २० लाख डॉलर घातले होते, आणि सर्च, नकाशे, यूट्यूब त्यावर आले. चार वर्षांपूर्वी जे मोझिलाला मिळालं नव्हतं ते आता दार ठोठावत येत होतं. इंजिन तेच होतं. फरक इतकाच की आता मागे कोट्यवधी ग्राहकांची खात्री उभी होती. २०२० पर्यंत जिओफोन वापरणारे दहा कोटींच्या पुढे गेल्याचं रिलायन्सनं सांगितलं.

आता उघडेपणाचं काय झालं ते बघू. तीन थरांना तीन परवाने होते. लिनक्स कर्नलचा जीपीएल दुसरी आवृत्ती, गेकोचा मोझिलाचा एमपीएल, आणि वरच्या गायाचा अपाचे. जीपीएल म्हणतो की बदल करून दुसऱ्याला दिलंत तर कोडही द्या. एमपीएल तेच म्हणतो, पण ज्या फाइलला हात लावला तेवढ्यापुरतं. अपाचे मात्र म्हणतो की घ्या, बदला, आणि हवं तर बंद करा. कायओएसनं गेकोवरचं पुढचं काम उघड्यावर ठेवलं. पण माणसाला दिसणारा सगळा वरचा थर बंद झाला, आणि परवान्यानुसार त्यात काहीच चूक नव्हती.

त्याहून मोठी गोष्ट परवान्याच्या बाहेर होती. जीपीएलची दुसरी आवृत्ती कोड मागते, किल्ली मागत नाही. फोननं फक्त कंपनीची सही असलेली प्रणालीच चालवायची ठरवलं, तर कोड हातात असून तुम्ही तो दुरुस्त करून त्याच फोनवर बसवू शकत नाही. जिओफोन सिमनंही बांधलेला होता आणि ॲपच्या दुकानानंही. वर सांगितलेल्या तिसऱ्या पायरीवर आता फोनवाला आणि सिमवाला एकच होता. वेबॲप बनवता येणारा कुणी मुलगा आपल्याच घरातल्या जिओफोनवर स्वतः लिहिलेलं ॲप सरळपणे चढवू शकत नव्हता. ज्या प्रणालीचा सारा डोलारा ‘वेबपान लिहिता येतं तो फोनचं ॲप लिहू शकतो’ यावर उभा होता, तिच्याबाबतीत हे घडलं. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच आहे.

याविरुद्ध धडपड झाली नाही असं नाही. २०१८ मध्ये नोकिया ८११० हा पिवळा, केळ्याच्या आकाराचा फोन कायओएसवर आला. त्याच्याभोवती जमलेल्या हौशी लोकांनी स्वतःला बनाना हॅकर्स म्हणवून घेतलं, आणि कायओएसचे फोन उघडण्याच्या युक्त्या लिहून काढल्या. त्यासाठी संगणकावर फायरफॉक्सची ५९वी आवृत्ती जपून ठेवावी लागे, कारण फोनशी बोलणारं साधन नंतरच्या आवृत्त्यांतून निघून गेलं. गेर्डाओएस नावाची बदललेली प्रणालीही त्या नोकियासाठी निघाली. पण हे काही हजार हौशींचं जग. खरीपाचा हप्ता जमा झाला का हे बघायला फोन घेतलेल्या माणसापर्यंत ते पोचणं शक्य नव्हतं.

इंजिन गोठलं आणि त्याचा परिणाम हळूहळू दिसू लागला. वेब पुढे सरकत राहिलं, नव्या पद्धतीनं लिहिलेली पानं या फोनवर विस्कटू लागली. मार्च २०२० मध्ये मोझिला आणि कायओएस पुन्हा एकत्र आले आणि त्यातून गेको ८४ वर उभं असलेलं कायओएस ३.० तयार झालं. ते नव्या फोनांसाठी. विकले गेलेले कोट्यवधी फोन ४८ वरच राहिले. २०२१ च्या दिवाळीत जिओनं जिओफोन नेक्स्ट काढला तो गूगलबरोबर, अँड्रॉइडवर. जून २०२४ मध्ये व्हॉट्सॲपनं कायओएससाठी नवीन डाउनलोड बंद केले आणि आधीपासून वापरणाऱ्यांना २०२५ च्या सुरुवातीपर्यंतची मुदत दिली.

माझं मत

मोझिलानं फोन बनवायला नको होता, असं मी म्हणणार नाही. बनवला म्हणूनच बटणांच्या फोनवर वेब आलं, आणि स्मार्टफोन न परवडणाऱ्या घरांत मराठीत शोध घेता येऊ लागला. जिओनं तो फुकटाच्या जवळ आणला याचंही मोल मी कमी लेखत नाही. अनामत ठेवून फोन देणारी कंपनी पहिली काही वर्षं तो आपल्याच सिमला बांधते, हा हिशेब मला समजतो. पण अनामतीची तीन वर्षं उलटल्यावर तो फोन कुणाचा? त्या दिवशी कुलूप निघायला हवं होतं. सुधारणा येणं थांबेल त्या दिवशी तर नक्कीच.

गायाला अपाचेऐवजी एमपीएल लावला असता तर काय झालं असतं, याचा मी बराच विचार केला आहे. वरचा थर उघडा राहिला असता, भाषांची भर घालणाऱ्या स्वयंसेवकांना त्यात काम करता आलं असतं. कदाचित कायओएसनं तो कोड उचललाच नसता, हेही खरं. तरी परवाना एवढ्यावर प्रश्न सुटत नाही. आज कुणी मला लिनक्सचा फोन दाखवतो तेव्हा मी कोड कुठे ठेवला आहे हे नंतर विचारतो. आधी विचारतो की बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना कुठली प्रणाली चालवायची ते ठरवणारा भाग, उघडतो का, मोडेमचा ड्रायव्हर कुणाच्या हातात आहे, आणि बँकेचं ॲप त्यावर चालतं का. व्हॉट्सॲपनं क्लाउड एफएक्सचं जे केलं, ते आज गूगलची खूण नसलेल्या प्रणालीवर चालायला नकार देणारी बँकांची आणि पैशांच्या व्यवहारांची ॲप करत आहेत. ग्राफीनओएस ही गूगलविना चालणारी अँड्रॉइडची आवृत्ती वापरणाऱ्याला हे सांगायला नको.

आमच्या संकेतस्थळावर भावांचा तक्ता अजून जुन्या पद्धतीनं लिहिलेला आहे. मांडणीची ग्रिड पद्धत फायरफॉक्सच्या ५२व्या आवृत्तीपासून आली, म्हणून ती वापरलेली नाही. जावास्क्रिप्टमधली असिंक ही कोड लिहायची नवी पद्धतही तेव्हाचीच, तीही टाळली आहे. मदतीला येणारा मुलगा परवा म्हणाला, “दादा, हे सगळं नव्यानं लिहू या, चार ओळींत होईल.” मी त्याला नोंदवहीतली ती ओळ दाखवली. पुढच्या आठवड्यात आम्ही तक्ता नव्यानं लिहायला घेणार आहोत. एका जुन्या संगणकावर फायरफॉक्स ४८ बसवून ठेवला आहे. त्यावर नीट दिसला की मगच चढवू.